डोक्यातला भुंगा आणि सायकेडेलिक्स: मेंदूत नक्की काय होतं, आणि आशा ठेवावी का?

पाऊलखुणा

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहितेच. माझ्या मोठ्या भावाला ११ वर्षांपासून डिप्रेशन आहे. मधले काही महिने बरे जातात आणि मग परत तेच. चार वेगवेगळ्या गोळ्या झाल्या, एकीने थोडा फरक पडला होता पण तोही टिकला नाही, समुपदेशन चालू-बंद. दादाचा मुख्य त्रास म्हणजे डोक्यातला भुंगा. "मी सगळ्यांना ओझं झालोय" हा एकच विचार, दिवसभर तोच, रात्री तोच. आपण कितीही समजावलं तरी तो ऐकून घेतो, मान हलवतो आणि परत तिथेच येऊन बसतो.

गेल्या महिन्यात त्यानेच मला एक व्हिडिओ पाठवला, मॅजिक मशरूमच्या एका डोसने डिप्रेशन गेलं असं सांगणारा, आणि खाली एवढंच लिहिलं होतं, "हे खरं असेल का गं?" एवढ्या वर्षांत त्याने स्वतःहून कशाबद्दल तरी विचारलंय, त्यामुळे मला ना हो म्हणवेना ना नाही. तेव्हापासून रात्री जागून वाचतेय.

सायकेडेलिक्स म्हणजे मॅजिक मशरूम, एलएसडी असे जाणीव बदलणारे, भास घडवणारे पदार्थ. वाचायला सुरुवात केली ती एलएसडीपासून. स्वित्झर्लंडमधल्या बाझलला सँडोझ कंपनीत आल्बर्ट हॉफमन नावाचे केमिस्ट राय धान्यावर वाढणाऱ्या अरगट बुरशीतल्या रसायनांवर काम करत होते, रक्ताभिसरण आणि श्वसनासाठी औषध शोधत होते. १९३८ मध्ये एलएसडी बनवलं, फार काही हाती लागलं नाही म्हणून बाजूला पडलं. ५ वर्षांनी, एप्रिल १९४३ मध्ये परत बनवताना ते थोडंसं अंगात गेलं आणि काहीतरी विचित्र जाणवलं. मग १९ तारखेला त्यांनी मुद्दाम पाव मिलिग्रॅम घेतलं, त्यांच्या हिशोबाने अगदी कमी, प्रत्यक्षात भरपूर. सायकलवरून घरी जाताना रस्ता वाकडातिकडा दिसत होता, शेजारीण चेटकिणीसारखी वाटली, आपण वेडे होतोय याची खात्रीच झाली. डॉक्टरांनी तपासलं तर डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्यात यापलीकडे काही सापडेना. पुढे १९५८ मध्ये मशरूममधलं सायलोसायबिन वेगळं काढलं तेही याच हॉफमननी.

एका मिलिग्रॅमच्या चौथ्या भागाने अख्खं जग बदलून जातं, मग ११ वर्षांचा भुंगा का नाही हलणार, असं वाटून जातं. पण मला माझ्या या वाटण्याचीच भीती वाटते. ज्यांना यातलं कळतं त्यांनी प्लीज लिहा. मेंदूत नक्की काय होतं? आणि मी दादाला काय उत्तर देऊ?

वाचनवेडा

वाचतोय. भाऊ लवकर बरे होवोत, मनापासून.

धुकंवाट

मेंदूविज्ञान हेच माझं काम आहे त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी द्यायचा प्रयत्न करते, लांबेल, सांभाळून घ्या.

सायलोसायबिन पोटात गेलं की शरीर त्याचं सायलोसिन करतं आणि खरं काम ते करतं. त्याचा आकार आपल्या सेरोटोनिनशी, म्हणजे मेंदूच्या पेशींमधल्या एका निरोप्या रसायनाशी मिळताजुळता, त्यामुळे सेरोटोनिनच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या त्याच्या कुलपावर, ते जाऊन बसतं. हे रिसेप्टर डझनभर प्रकारचे आहेत, त्यातला महत्त्वाचा म्हणजे ५-एचटी२ए, जो मेंदूच्या बाहेरच्या थरात म्हणजे कॉर्टेक्समध्ये दाटीने असतो. १९९८ मध्ये झुरिकच्या फोलेनवायडर यांच्या गटाने लोकांना आधी केटॅन्सेरिन देऊन हा रिसेप्टर बंद केला आणि मग सायलोसायबिन दिलं, तर ट्रिप, म्हणजे भासांचा तो अनुभव, जवळपास आलीच नाही. म्हणजे कुलूप कुठलं ते तेव्हाच कळलं. एलएसडीचा असर १०-१२ तास का टिकतो याचाही अंदाज २०१७ मध्ये आला. सेरोटोनिनच्या एका रिसेप्टरमध्ये बसलेल्या एलएसडीची रचना बघितली तर रिसेप्टरचाच एक भाग त्याच्यावर झाकणासारखा आलेला दिसला, म्हणून ते लवकर सुटत नाही.

आता भुंग्याकडे येते. आपण काही करत नसतो, नुसते बसलेलो असतो तेव्हा मेंदूतला एक गट जास्त चालतो, त्याला डिफॉल्ट मोड नेटवर्क म्हणतात. स्वतःबद्दलचे विचार, जुन्या आठवणी, उद्याची काळजी, लोक मला काय म्हणत असतील, हे सगळं त्याच्या आसपास घडतं. डिप्रेशनमध्ये "मी मी" करत तेच ते उगाळणं आणि हे नेटवर्क यांचा संबंध बऱ्याच अभ्यासांत दिसलाय. २०१२ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या कारहार्ट-हॅरिस आणि सहकाऱ्यांनी सायलोसायबिन देऊन स्कॅन केले. सगळ्यांना वाटलं होतं मेंदू पेटून उठेल, निघालं उलटंच, या नेटवर्कच्या मधल्या मुख्य ठाण्यांचं काम कमी झालं होतं.

चाकोरी हा शब्द आपण सहज वापरतो पण मूळचा तो गाडीच्या चाकांनी रस्त्यात पडलेल्या खोल चरांचा आहे. गाडी एकदा त्यात पडली की हाकणाऱ्याने कितीही ओढलं तरी चाक चरातच. मला डिप्रेशनमधला मेंदू असा दिसतो. २०२४ मध्ये नेचरमध्ये आलेला अभ्यास बघा, ७ निरोगी माणसं पण प्रत्येकाचे पुन्हा पुन्हा खूप स्कॅन, आधी, डोसच्या वेळी आणि नंतर. सायलोसायबिनच्या वेळी मेंदूच्या भागांमधला नेहमीचा ताळमेळच विस्कटला, आणि सगळ्यात जास्त विस्कटला तो याच डिफॉल्ट मोडमध्ये. बहुतेक गोष्टी नंतर जागेवर आल्या, पण हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे आठवणींशी जोडलेल्या भागाचा, पुढचा भाग आणि हे नेटवर्क यांच्यातलं बोलणं साधारण ३ आठवडे कमी राहिलं. एक बारीकशी गोष्ट मला फार आवडली, ट्रिपमध्ये त्यांना एखादं साधं काम करायला दिलं की विस्कटणं कमी व्हायचं. थेरपिस्ट घाबरलेल्या माणसाला "माझ्या हाताकडे लक्ष दे" सांगतात त्याच्याशी हे जुळतं.

दुसरा धागा मेंदूच्या नव्या जोडण्यांचा. २०२१ मध्ये येल विद्यापीठात उंदरांना सायलोसायबिनचा एकच डोस दिला, पुढच्या कॉर्टेक्समधल्या न्यूरॉन्सवरचे काटे, म्हणजे जिथे जोडणी होते ते बारीक उंचवटे, साधारण १० टक्क्यांनी वाढले आणि त्यातले बरेच महिनाभर टिकले. म्हणजे चर जरा बुजतात आणि माती काही दिवस ओली राहते असं म्हणू. पण हे उंदरात. माणसाच्या मेंदूत असे काटे मोजता येत नाहीत, आणि ओल्या मातीत नवीन वाट कुठली पडेल हे औषध ठरवत नाही हो, त्या दिवसांत माणूस काय करतो, कोणासोबत असतो त्यावर ते ठरतं असं मला वाटतं.

रानफूल

धुकंवाट, चाकोरीचं उदाहरण वाचून पहिल्यांदा काहीतरी समजलं. धन्यवाद.

प्रश्नचिन्ह

सगळं छान आहे पण स्कॅनमध्ये रंग बदलले म्हणजे माणूस बरा झाला असं नाही, आणि मला या विषयात जी घाई चालू आहे ती आवडत नाही. पाऊलखुणांच्या दादासारखे लोक त्या घाईची किंमत मोजतात म्हणून स्पष्ट लिहितो.

औषधाची परीक्षा कशी होते? अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना प्लासिबो म्हणजे औषधासारखी दिसणारी रिकामी गोळी, आणि कोणाला काय मिळालं हे कोणालाच माहीत नसतं. इथे ते जमतच नाही. ज्याला भिंती श्वास घेताना दिसल्या त्याला कळतंच काय मिळालं ते. २०२२ मध्ये दारू सोडवण्यासाठी सायलोसायबिनची ट्रायल झाली, ९३ लोक, अर्ध्यांना झोप आणणारी अॅलर्जीची गोळी दिली होती फसवायला, तरी ९० टक्क्यांहून जास्त वेळा लोकांनी बरोबर ओळखलं. निकाल चांगला होता, ३२ आठवड्यांत खूप प्यायलेले दिवस ९.७ टक्के विरुद्ध २३.६ टक्के. पण ज्याला खरं मिळालं त्याची उमेद वाढलेली, आणि ज्याला नाही मिळालं तो मनातून खचलेला. आता यातला फरक औषधाचा किती आणि निराशेचा किती?

२०२१ ची सायलोसायबिनची एस्सिटॅलोप्रॅम या डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळीबरोबरची तुलना पण अशीच. ५९ लोक, ६ आठवडे. बातम्यांमध्ये आलं की मशरूम जिंकलं. पेपरात जो मुख्य मापदंड आधीपासून ठरवला होता त्यावर दोन्हीत ठाम फरक निघाला नाही. आणि रोज थोडं थोडं घेण्याचं, ते मायक्रोडोसिंगचं जे खूळ आहे, त्यावर १९१ लोकांनी स्वतःच स्वतःच्या कॅप्सूल मिसळून प्रयोग केला, तोही २०२१ चाच. मायक्रोडोसवाले सुधारले, आणि रिकामी कॅप्सूल घेणारेही तेवढेच सुधारले.

एमडीएमएचं (पार्टीत एक्स्टसी म्हणून घेतात ते) तर तुम्हाला माहीत असेलच, पीटीएसडीसाठी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासासाठी. ते काटेकोरपणे सायकेडेलिक नाही पण चर्चा एकाच ताटातली. आकडे जबरदस्त होते, पहिल्या मोठ्या ट्रायलमध्ये ६७ टक्के लोकांचं निदानच राहिलं नाही, प्लासिबो आणि थेरपीवाल्यांत ३२ टक्के. तरी जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, सल्लागारांनी ते परिणामकारक ठरत नाही असं ९ विरुद्ध २ मतांनी सांगितलं आणि ऑगस्टमध्ये एफडीएने परवानगी नाकारली. त्याच्या आधीच्या एका छोट्या ट्रायलमध्ये थेरपिस्टनी पेशंटशी गैरवर्तन केल्याचं बाहेर आलं होतं, हे मला आकड्यांपेक्षा जास्त गंभीर वाटतं. माणूस त्या अवस्थेत पूर्ण उघडा असतो, त्याला नाही म्हणायची ताकद नसते. तिथे कोण बसलंय हे औषधाइतकंच तपासायला हवं.

पाऊलखुणा

प्रश्नचिन्ह, वाईट वाटलं वाचून पण लिहिलंत ते बरं केलंत. मग साध्या भाषेत मला कोणी सांगेल का, दादासारखी १०० माणसं असतील तर किती जणांना फरक पडतो?

निशिगंध

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. तुमच्या भावाला मी तपासलेलं नाही, तेव्हा हे त्याच्यावरचं मत समजू नका.

दादासारख्या, म्हणजे दोन तरी औषधांनी फरक न पडलेल्या लोकांवरचा मोठा अभ्यास २०२२ मध्ये आला, २३३ जण, १० देशांत. तीन गट, २५, १० आणि १ मिलिग्रॅम सायलोसायबिन, सगळ्यांना सोबत मानसिक आधार. ३ आठवड्यांनी ज्यांचा त्रास निम्म्याने तरी कमी झाला असे २५ च्या गटात ३७ टक्के आणि १ च्या गटात १८ टक्के. १२ आठवड्यांपर्यंत ते टिकलं असे २० आणि १० टक्के. म्हणजे १०० मधल्या ३७ जणांना ३ आठवड्यांनी बराच फरक, त्यातले १८ कदाचित नुसत्या आधारानेही सुधारले असते. २०२५ मध्ये याच औषधाच्या पुढच्या ट्रायलचा पहिला आकडा आला, एका डोसनंतर ६ आठवड्यांनी प्लासिबोपेक्षा ३.६ गुण जास्त सुधारणा, ६० गुणांच्या प्रश्नावलीवर. फरक आहे, खरा आहे, आणि व्हिडिओत दाखवतात तेवढा नाही. ज्यांची दोन-तीन औषधं फसलीत त्यांच्यासाठी मला हा फरक लहान वाटत नाही हेही सांगते, कारण अशा पेशंटना द्यायला माझ्याकडे फार काही उरलेलं नसतं.

त्याच २०२२ च्या अभ्यासात तिन्ही गटांत काही लोकांच्या मनात आत्महत्येचे विचार आले किंवा वाढले. आशेने येऊन काही झालं नाही की माणूस कुठे पडतो ते मी बघितलंय.

स्वतः किंवा जवळच्या नात्यात कोणाला स्किझोफ्रेनिया, सायकोसिस (वास्तवाशी संबंध तुटणं), बायपोलर (कधी अति उत्साह, कधी डिप्रेशन) असेल तर बहुतेक ट्रायलमध्ये घेतच नाहीत. लिथियम हे बायपोलरमध्ये देतात ते औषध चालू असताना सायकेडेलिक घेतलेल्यांना फिट्स आल्याची उदाहरणं आहेत. नेहमीच्या डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर असर बोथट होऊ शकतो, म्हणून लोक स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करतात आणि तिथेच घात होतो. कृपा करून दादाला सांगा, एकही गोळी विचारल्याशिवाय बंद करायची नाही.

आणि पाऊलखुणा, "ओझं झालोय" हे वाक्य मी साधं समजत नाही. त्याला सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का म्हणून. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो असं लोकांना वाटतं, तसं होत नाही. उलट बहुतेकांना कोणीतरी विचारलं म्हणून हलकं वाटतं. हो म्हणाला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि त्याला एकटं सोडू नका.

नावात_काय

मी इथे कधी याबद्दल लिहिलेलं नाही. कॉलेजात असताना एका मित्राकडे मशरूम होते, आम्ही तिघांनी खाल्ले. माझ्या मामाला बायपोलर आहे, पण तेव्हा घरात तो शब्द कोणी उच्चारत नसे, "मामाचा स्वभाव तापट" एवढंच. बाकी दोघं सहा तासांत हसत झोपले. मी झोपलोच नाही, तीन रात्री. आधी मला सगळं विश्व कळल्यासारखं वाटत होतं, मग टीव्हीवरचे लोक माझ्याशीच बोलतायत अशी खात्री झाली, चौथ्या दिवशी आई-बाबांनी दवाखान्यात नेलं. बरं व्हायला ७-८ महिने गेले आणि वर्ष वाया गेलं. ते मशरूममुळे झालं की एरवीही कधीतरी झालंच असतं, मला कोणी ठामपणे सांगू शकलं नाही. मी औषधाच्या विरोधात नाही, संशोधन व्हायलाच पाहिजे. फक्त निशिगंध यांनी नात्यातल्या आजारांबद्दल जे लिहिलंय त्यावरून डोळे पटकन पुढे नेऊ नका. आपल्या घरांत ही माहिती दडवलेली असते, खोदून विचारावी लागते.

पाऊलखुणा

तुम्ही हे लिहिलंत त्यासाठी काय म्हणू. आईला आज संध्याकाळी विचारते, आत्यांबद्दल मला नीट काहीच माहीत नाही.

माळावरचा

थोडं इतिहासाचं, कारण हे सगळं प्रयोगशाळेत जन्मलं असं वाटायला नको. मेक्सिकोतल्या माझातेक लोकांच्या उपचाराच्या विधींत हे मशरूम पिढ्यानपिढ्या आहेत. मारिया सबिना नावाच्या वैदू बाईंनी गॉर्डन वॉसन या अमेरिकन बँकरला एका रात्रीच्या विधीत बसू दिलं, त्याने १९५७ मध्ये लाइफ मासिकात लेख लिहिला आणि तिच्या गावात परदेशी लोकांची रीघ लागली. त्यांना आजार नव्हता, अनुभव हवा होता. पोलिसांचा ससेमिरा लागला, गावकरी तिच्यावर उलटले, तिचं घर जाळलं. आज ज्या कंपन्या या रेणूवर पैसे लावतायत त्यांनी त्या बाईचं नाव तरी घ्यावं असं मला फार वाटतं.

दुसरं म्हणजे हे संशोधन नवीनही नाही. १९५० च्या दशकात कॅनडात सस्कॅचेवानला हम्फ्री ऑस्मंड एलएसडी देऊन दारूच्या व्यसनावर उपचार करत होते, सायकेडेलिक हा शब्द त्यांचाच. मग हे पदार्थ दवाखान्यातून रस्त्यावर आले, १९७० मध्ये अमेरिकेत आणि १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारात ते सगळ्यात कडक यादीत गेले, आणि काम जवळपास ठप्प झालं. पुढे २००६ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या रोलंड ग्रिफिथ्स यांच्या पेपरने परत वेग आला. कितीतरी वर्षं फुकट गेली, आणि त्याला बंदी घालणारे जेवढे जबाबदार तेवढेच वाटेल त्याला वाटेल तसं देणारेही.

धुकंवाट

ग्रिफिथ्सचं नाव निघालं म्हणून आठवलं, २०१६ ची त्यांची कॅन्सर पेशंटवरची ट्रायल. ५१ जण, मृत्यू समोर दिसत असलेले, चिंता आणि डिप्रेशनने ग्रासलेले. ६ महिन्यांनंतरही साधारण ८० टक्के लोकांत सुधारणा टिकून होती. त्यांचा आजार तसाच होता, फक्त भीतीची पकड सुटली. आणि ज्यांना अनुभव जास्त खोल आला त्यांना फायदा जास्त.

इथेच आमच्या क्षेत्रात सगळ्यात मोठा वाद आहे, ट्रिप लागतेच का? एक गट म्हणतो नव्या जोडण्या हेच औषध, ट्रिप हा दुष्परिणाम, म्हणून ते भास न होणारे रेणू बनवतायत. दुसरा म्हणतो माणूस त्या सहा तासांत जे बघतो, रडतो, ज्याला माफ करतो, तेच औषध. २०२३ मध्ये स्टॅनफर्डला एक फार चतुर प्रयोग झाला, केटामाइनवर, हेही जाणीव बदलणारं आणि डिप्रेशनवर वापरलं जाणारं औषध. ऑपरेशनसाठी भूल दिलेल्या ४० डिप्रेशनच्या पेशंटना बेशुद्धीतच केटामाइन किंवा प्लासिबो दिलं, म्हणजे कोणाला कळायचा प्रश्नच नाही. दोन्ही गट सुधारले, सारखेच. मी हा पेपर दोनदा वाचला. याचा अर्थ अनुभव गेला की परिणाम गेला असा घ्यायचा, की अपेक्षेतच एवढी ताकद आहे असा? मला दुसऱ्याकडे झुकावंसं वाटतं, आणि त्याने मी निराश होत नाही. सगळे इतक्या काळजीने आपल्याकडे बघतायत या जाणिवेने मेंदू हलत असेल तर तोही मेंदूच आहे ना.

प्रश्नचिन्ह

या शेवटच्या वाक्याशी सहमत. पण मग ती काळजी आजच, मशरूमशिवाय का देता येत नाही, हा माझा प्रश्न राहतोच.

निशिगंध

वेळ नसतो हे खरं उत्तर. ट्रायलमध्ये एका माणसासाठी आधीच्या भेटी, मग डोसच्या दिवशी ६ ते ८ तास कोणीतरी शेजारी, बहुतेक ठिकाणी दोघंजण, आणि नंतर परत बसून बोलणं. मी एका पेशंटला देते ती पंधरा-वीस मिनिटं. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून ठराविक मनोविकारतज्ज्ञांना सायलोसायबिन आणि एमडीएमए देण्याची परवानगी दिली, तिथेही ही सोबत हाच सगळ्यात खर्चिक भाग आहे.

पाऊलखुणा, मशरूम बहुतेक देशांत बेकायदेशीर आहेत, पण केटामाइनचा प्रकार वेगळा, ते भुलीचं जुनं औषध आहे. त्याचं भावंड एस्केटामाइन नाकातल्या फवाऱ्याच्या रूपात २०१९ मध्ये अमेरिकेत अशाच डिप्रेशनसाठी मान्य झालं, दवाखान्यातच घ्यायचं आणि २ तास तिथेच बसायचं. याशिवाय चुंबकीय उपचार आहेत, आणि गंभीर डिप्रेशनमध्ये ईसीटी, म्हणजे भूल देऊन मेंदूला विजेचा हलका झटका, ज्याची लोकांना उगाच दहशत आहे. दादाच्या डॉक्टरांना हे तिन्ही विचारा.

पाऊलखुणा

आईशी बोलले. धाकट्या आत्याला लग्नाआधी "काहीतरी झालं होतं", दोन महिने झोपत नव्हती, खूप बोलायची, घरातलं सगळं सामान वाटून टाकलं होतं. हे मला आज कळतंय.

दादाला सरळ विचारलंही. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, विचार येतो पण करणार नाही, आणि तू विचारलंस ते बरं झालं. मी रडले, तो नाही रडला. लगेच त्याच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी त्याच्याशीही बोलून घेतलं आणि उद्या सकाळीच बोलावलंय. आज मी त्याच्याचकडे राहतेय. मग त्याने हा सगळा धागा वाचला. व्हिडिओबद्दल काहीच बोलला नाही. म्हणाला, ते आठ तास कोणीतरी शेजारी बसतं आणि त्याच्याशी बोललंच पाहिजे असं नसतं, ते मला आवडलं. म्हणून आम्ही आज दुपारी गच्चीत बसलो होतो, तीन तास, फारसं न बोलता.

गोळ्यांची नावं, डोस, कधीपासून कधीपर्यंत, सगळं वहीत काढतेय, दोन ठिकाणच्या तारखा जुळत नाहीयेत त्या दादालाच विचारायच्यात.

निशिगंध

फार चांगलं केलंत. आत्याचं डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा, गोळ्यांच्या यादीच्याही आधी. तिला बायपोलर होता असं मी इथून म्हणणार नाही, पण नात्यात तसं असेल तर चार गोळ्यांनी फरक का पडला नाही याचाच वेगळ्या बाजूने विचार करावा लागतो आणि औषधांची निवडही बदलू शकते. थायरॉइड आणि बी१२ चे जुने रिपोर्ट असतील तर तेही वहीत ठेवा. आणि दादाला कधी चार-पाच दिवस झोप कमी लागूनही खूप उत्साह वाटला होता का, हे त्याला आणि आईला वेगवेगळं विचारा.